सारजेचा मुऱ्हाळी

कासार आंबोली, तालुका मुळशी
९ फेब्रुवारी १९५८

कोंडाजीस हैबतरावाचा रामराम.

माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता पोस्टमास्तरांकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर पुरं वाच.

भांडण उकरून काढायला लिहीत नाही. भांडण होतं तिथंच आहे, मी त्याला हात लावलेला नाही. रत्नाच्या लग्नात मुहूर्त टळत होता, मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभा राहायला तू आला नव्हतास, म्हणून गेणबाला उभं केलं. तो तुमचाच चुलतभाऊ, रस्त्यावरचा माणूस नव्हे. तुझी लॉरी लोणीला बंद पडली हा काही माझा गुन्हा नाही. अक्षता पडल्यावर तू आलास, गेणबाला तुझ्या जागी पाहिलंस, बहिणीसाठी आणलेलं लुगडं मांडवाच्या खांबाशी ठेवलंस आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेलास. मुहूर्त कुणासाठी थांबत नसतो, हे मी तेव्हा म्हटलं होतं आणि आजही म्हणतो. आता रत्नाची पोरगी लग्नाला आली. विषय संपला.

लिहिण्याचं कारण तुझी बहीण. घाबरू नकोस, सारजा धडधाकट आहे. दात शाबूत आहेत, सुईत दोरा माझ्याआधी ओवते. पण डोक्यात काहीतरी सरकलं आहे. सकाळी सगळं ठीक असतं. मला ओळखते, म्हशीला ओळखते, चहा पांचट झाला म्हटलं तर "पलटनीतल्या भटारखान्यात जावा मग" म्हणते. दुपार टळून ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं की ती सोळा वर्षांची होते. जुन्या लुगड्याच्या फडक्यात दोन चोळ्या, फणी आणि कुंकवाचा करंडा बांधते, गाठोडं मांडीवर घेऊन पायरीवर येऊन बसते आणि रस्त्याकडे बघत राहते. "आज मला माह्येरी न्यायला येनार हायेत," म्हणते. मी जवळ गेलो तर पदर सारखा करते आणि सांगते, "बाबा, धनी घरात न्हाईत. मागनं या." लग्नाला पन्नास वर्षं होत आली, कोंडाजी, आणि मला माझ्याच दारातून परत पाठवतात.

तिला मुऱ्हाळी हवा आहे. पूर्वी तिला न्यायला तूच यायचास. मिसरूड फुटलं नव्हतं तरी डोक्याला बापाचा फेटा, हातात तुझ्याहून उंच काठी आणि फडक्यात आईनं दिलेली दशमी. ओसरीवर टेकायचास आणि मोठ्या माणसासारखा आवाज काढून म्हणायचास, "आक्काला न्यायला आलोय." ती त्याच आवाजाची वाट बघते आहे.

सुरुवातीला मी सरळ खरं सांगितलं. मला आडवळणं येत नाहीत. म्हटलं, "सारजे, उंबरवाडी ऱ्हायली न्हाई. धरण झालं, गाव पान्याखाली गेलं. तुजी आई बी गेली." ती उठली, मागच्या दारी गेली आणि मेल्याची खबर ऐकल्यावर करतात तशी लुगड्यासकट डोक्यावरून गार पाण्याची आंघोळ केली. घरात चूल पेटवू दिली नाही. दुसऱ्या दिवशी सगळं विसरून परत गाठोडं घेऊन बसली. मी परत सांगितलं. परत रडणं, परत आंघोळ. आई मेल्याची बातमी तिला दर दोन-चार दिवसांनी नव्यानं कळत होती आणि रडू दर वेळी पहिल्याइतकंच येत होतं. त्यात थंडी कडाक्याची. शेवटी ताप चढला, छाती भरली. पौडचा डॉक्टर आला, सुया टोचल्या, म्हणून निभावलं. हे म्हातारपणाचं दुखणं आहे, याला औषध नाही, अंगाला जपा, असं सांगून गेला. जाता जाता उगाच माझ्याही छातीला नळी लावून बसला. डॉक्टर लोकांना मोकळा वेळ फार.

तर आता अडचण अशी. खरं सांगितलं तर ती मरते, आणि खोटं मला येत नाही. पलटणीत हवालदार असताना खोटं बोलणाऱ्याला मी पाठीला जड पिठ्ठू बांधून उन्हात पळवत असे. उरलास तू. तू तिचा भाऊ आहेस. तू ओसरीवर येऊन "न्यायला आलोय" म्हणालास तर ते खोटं होणार नाही. वैशाखात धरणाचं पाणी खाली जातं आणि उंबरवाडीची जोती उघडी पडतात, लोक बघून आले आहेत. तेव्हा ये. तिला एकदा घेऊन जा. मग मी तुझं तोंड बघणार नाही, तू माझं बघू नकोस.

तुझा दाजी,
हैबतराव

•

कासार आंबोली
२ मार्च १९५८

कोंडाजी,

उत्तर नाही. ठीक आहे, तुमच्या घराण्यात मान ताठ असते हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं.

परवा सारजा निघून गेली. मी गोठ्यात म्हशीला चारा टाकत होतो, पाच मिनिटांचं काम. पण वाकलं की हल्ली मला जरा थांबावं लागतं, गुडघे आहेत, तेवढ्यात ही पौडच्या रस्त्याला लागली. भैरू गाडीवान बाजाराहून परतत होता, त्यानं पाहिली. रस्त्याच्या मधोमध चालत होती, गाठोडं काखेत, आणि मागं एस.टी. भोंगा वाजवून वाजवून उभी. ड्रायव्हर शिव्या देत होता. सारजा त्याला म्हणाली, "वरडू नगं, तुज्या आधी मी हाय वाटंला." भैरूनं तिला गाडीत बसवून आणली. तो सांगताना हसत होता, मीही हसलो.

रत्नाला पिरंगुटात बातमी पोचली, ती धावत आली. पोर घाबरली आहे. म्हणते, "दादा, दाराला भाईरनं कडी घाला." जावई शहाणा आहे, त्याच्या मते तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं, तिथं बघणारी माणसं असतात. शेजारची धोंडाबाई येऊन म्हणाली, "भावजी, ही बाहेरची बाधा हाय. धरनात बुडाल्याली बाई धरून बसलीया तिला. देवरुषी आना." मी म्हटलं, "धोंडाबाई, धरनात बुडालंय ते गाव. बाई न्हवं." जावयाला सांगितलं, बघणारा माणूस इथंही आहे. रत्नाला सांगितलं, मी तुझ्या आईला कडी घालणार नाही. मुक्या जनावरालासुद्धा दिवसातून एकदा दावं सोडतो आपण.

मी बंदोबस्त केला आहे. दुपारी तिच्याशेजारी ओसरीवरच बसतो. तिच्यापुढं सुपात तांदूळ आणि तांदळात मूठभर हरभरे मिसळून ठेवतो, ती निवडत बसते. निवडून झाले की आत जाऊन परत मिसळतो. माझ्याशी परक्याशी बोलावं तसं बोलते, पण बोलते. माझ्याबद्दल मला बरंच कळतं आहे. उदाहरणार्थ मी घोरतो. रात्री मी हल्ली पाठीमागं उशा लावून बसल्याबसल्याच झोपतो, ती उठली तर लगेच कळावं म्हणून.

वैशाखाला अजून अवकाश आहे. विचार कर.

हैबतराव

•

कासार आंबोली
३० मार्च १९५८

कोंडाजी,

कार्डावर जागा कमी, म्हणून शिव्या कमी. पाडवा झाला. सारजेनं गुढीला तुझ्या नावानं साखरेची गाठी बांधली आणि "कोंडा आला की देते" म्हणाली. मुंग्या लागल्या, म्हणून मी काढायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली. तुझी गाठी आमच्याकडे आहे. मुंग्यांसह घेऊन जा.

हैबतराव

•

कासार आंबोली
२० एप्रिल १९५८

कोंडाजी,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी सुनेकडून लिहवून घ्यायला तुला दोन महिने लागले, पण ओळी झकास आहेत. 'तुमच्याकडं आमच्या जागी उभी राहणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांतलाच एखादा पाठवा.' मी वाचलं आणि आधी कार्ड चुरगाळलं. मग सरळ करून परत वाचलं.

तू का येत नाहीस ते मला कळतं. लग्नातल्या मानापानाचं तू पुढं करतोस. पाणी चढत होतं तेव्हा तू आणि तुझा बाप घराची कौलं काढून गाडीत भरत होतात, आणि तुझी आई रिकाम्या घरात सारवत बसली होती. हे सारजेनंच मला सांगितलेलं आहे, डोकं ठिकाणावर होतं तेव्हा. त्यानंतर तू दौंडकडे गेलास तो परत एकदाही धरणाच्या बाजूला फिरकला नाहीस. पाणी उतरलेली उंबरवाडी तुला बघवणार नाही. तसं लिहायचं होतंस. मी काय हसलो असतो? मीही काही गोष्टी बघायला गेलो नाही परत.

असो. तुझं कार्ड मी हुकूम समजतो. एखादा पाठवा म्हणालास, पाठवतो. माणूस मिळाला आहे. जरा म्हातारा आहे, चढाला दमतो, आणि उन्हाळ्यामुळं की काय त्याचा जोडा पायाला घट्ट व्हायला लागला आहे. पण कवायत विसरलेला नाही.

हैबतराव

•

कासार आंबोली
११ मे १९५८

कोंडाजी,

हे पत्र लांबेल. सावकाश वाच, आणि सुनेला सांग की डोळ्यांत धूर गेला.

गेल्या सोमवारी मी पेटीतून जुना फेटा काढला. दुपारी सारजा गाठोडं घेऊन पायरीवर बसली तसा मागच्या दारानं बाहेर पडलो, गोठ्याला वळसा घालून रस्त्यानं चालत पुढच्या अंगणात आलो. हातात काठी, फडक्यात दशमी. दशमी मीच केली होती, दूध घालून पीठ मळलं तरी भाजताना कडक झाली. ओसरीला टेकलो. लढाईत गोळीबार चालू असताना पुढं सरकलो आहे, पण इतका कधी घाबरलो नव्हतो.

म्हटलं, "रामराम. उंबरवाडीस्नं आलोय. सारजाला न्यायला."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, ओळखते आता. डोक्यावरून पदर घेऊन म्हणाली, "कुनाचं तुमी?"

"गेणबाच्या घरचा."

"मग कोंडा का आला न्हाई?"

"गुरं हायेत त्याच्याकडं. त्यानंच धाडलंय मला."

हे मी तुझ्यासाठी बोललो. आयुष्यात खोटं बोललो ते तुझी अब्रू राखायला, हे लक्षात ठेव.

ती उठली, मग परत बसली. "धन्यास्नी इचारलं पायजे."

"इचारलंय म्या. रानात भेटलं."

"काय म्हनलं?"

"म्हनलं, जा, पर लौकर यी."

त्यावर ती हसली. गेल्या कित्येक महिन्यांत अशी हसली नव्हती. "तसंच बोलत्यात ते. वरडत्यात, पर मनात काय ठिवत न्हाईत," म्हणाली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

भैरूची गाडी मी फाट्यावर उभी करून ठेवली होती. एस.टी. मुद्दाम टाळली, माहेरी जाताना ती कधी मोटारीत बसलेली नव्हती. भैरूला बजावलं होतं की हसायचं नाही. तो हसला नाही, पण वाटेत बैलांशी फार बोलत होता. सारजा गाडीत बसून मला माझ्याबद्दल सांगत होती. तापट आहेत. भाकरी करपली तर उपाशी उठतात आणि मग चोरून गूळ खातात. पलटणीतून आले तेव्हा तिच्यासाठी बसऱ्याहून आरसा आणला होता, तो सासूनं मागितला तर यांनी दिला नाही, आईशी वाकडं घेतलं. आरशाचं मी विसरून गेलो होतो. आईशी बोलणं मात्र आठवतं. तिच्या मनात ही गोष्ट एवढी जपून ठेवलेली असेल याची मला कल्पना नव्हती.

पौडला भैरूच्या पाहुण्यांकडे मुक्काम केला. पहाट झाली तशी तिनं मला ओळखलं. इकडंतिकडं बघून म्हणाली, "अवं, आपन कुटं आलोय ह्ये?"

"तुज्या माह्येरी निघालोय."

"बिनबोलावता? जावईमानूस असा गाडीत बसून जातंय व्हय? लोक काय म्हनतील?" धरणाचं सकाळीही तिच्या ध्यानात नव्हतं. परत फिरा म्हणून हट्ट धरला. अर्धा रस्ता मी जावई म्हणून शिव्या खाल्ल्या. दुपार टळल्यावर डोंगर जवळ आले तसा मी हळूच परत फेटा बांधला, आणि माझी जावईपणातून सुटका झाली.

पाणी बरंच खाली गेलं आहे. वरून बघितलं तर सगळा भेगाळलेला गाळ, त्यात जोत्यांचे दगड रांगेनं. देवळाचा चौथरा आहे, उंबराचा बुंधा काळा पडून उभा आहे. खाली उतरायला वाट नाही, घसरण आहे. मी दोन-तीनदा देखावा बघायला थांबलो. भैरूनं सारजेला हात दिला, मग परत वर येऊन मला दिला. मी नको म्हटलं, तरी दिला.

घर कुठलं हे मी ओळखलंच नसतं. तीच चालत गेली. देवळाकडं पाठ करून सरळ, मग डावीकडं. एका जोत्याशी थांबली, पायातल्या वहाणा काढून ठेवल्या आणि वर चढली. तिथं जमिनीत उखळ आहे, गाळानं भरलेलं. तिनं बोटांनी गाळ उकरायला सुरुवात केली. मीही बसलो उकरायला. उखळ मोकळं झाल्यावर तिनं त्याच्या कडेवरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "कोंडा ह्यात बसायचा. निघायचा न्हाई. आई म्हनायची, बस, तुलाच कांडते." आणि हसत बसली.

मग विचारलं, "आई कुटं हाय?"

कोंडाजी, ज्या प्रश्नासाठी मी हा सगळा खटाटोप केला तो हा. मी तयारी केली नव्हती. तोंडाशी खरं आलं होतं. ओढलं मागं.

"रानात गेलीया," मी म्हटलं.

"आन् कोंडा?"

"गुरं घिऊन येतूय."

"मग वाईच बसते," म्हणाली. बसलो. दशमी काढली. तिनं तुकडा मोडून मला दिला, स्वतः खाल्ली. "आई आता लई कडक कराया लागली दशमी," म्हणाली. समोर पाण्यावर ऊन होतं, गार वारा होता. ती चेहऱ्यावरून एवढी निवांत दिसत होती की मला वाटलं इथंच तिचे प्राण गेले तरी मी कुणाला दोष देणार नाही.

पण ऊन उतरायला लागलं तशी ती उठली. वहाणा घातल्या, गाठोडं घेतलं. "चला बाबा. सोडा आता मला."

"कुटं?"

"घरी. आंबोलीला."

"आगं, आई यायची ऱ्हायली की. आत्ता तर आलीस."

"आई काय, परत भेटंल," ती म्हणाली. "तिकडं धनी एकटंच हायेत. त्यास्नी चूल पेटवाया येत न्हाई, सांगत न्हाईत कुनाला. त्यांचं माझ्याबिगर कोन हाय?"

मी लढाईत रडलो नाही. आमचे तीन मुलगे पाळण्यात गेले तेव्हा चारचौघांत रडलो नाही. तुझ्या घराच्या जोत्यावर, उखळाशी बसून मी रडलो. भैरूनं बैल नाहीत तिकडं बैल बघायला म्हणून तोंड फिरवलं. सारजा माझ्याजवळ वाकली, परक्या म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "उगी. तुमालाबी कुनी घरी वाट बघत आसंल. चला."

हैबतराव

•

कासार आंबोली
२५ मे १९५८

कोंडाजी,

तुझं कार्ड आलं. इतक्या वर्षांनी स्वतःच्या हातानं लिहिलंस, आणि काय लिहिलंस, तर 'उखळ फुटलं का शाबूत आहे.' शाबूत आहे. काठाला एका बाजूनं टवका गेला आहे, तो जुनाच आहे, तूच मुसळ आपटून उडवला होतास असं सारजा म्हणते. त्या एका ओळीवरून मला कळायचं ते कळलं. म्हणून आता तुला खरं ते सगळं लिहितो. माझ्याकडे साठवलेलं खरं पुष्कळ आहे, घरात ते बोलायची सोय नाही.

आधी चांगलं. सारजा आता पायरीवर बसते पण गाठोडं बांधत नाही. धोंडाबाईनं मुद्दाम खोचकपणे विचारलं, "काय वैनी, माह्येरी जायाचं न्हाई का?" तर म्हणाली, "आत्ताच जाऊन आले की. आई भेटली न्हाई, रानात गेली व्हती. उखळ घासून आले." झोप लागते, जेवण जातं. डॉक्टर बघून म्हणाला, अंगावर मांस धरलं आहे. रत्नानं कडीचा विषय सोडला. तिला मी गाडीतली हकीकत सांगितली, तेव्हा ती हसली आणि मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून निजली. आईनं तिला विचारलं, "कुनाची गं तू? लई गुनाची हायेस."

आता दुसरं. ते गुडघे नव्हेत. डॉक्टर फेब्रुवारीतच म्हणाला होता की काळीज थकलं आहे. आडवं झालं की श्वास पुरत नाही, म्हणून बसून झोपतो. जोडा घट्ट नाही, पाय सुजतात. तिकडून आल्यावर सूज पोटरीपर्यंत चढली. डॉक्टर रागावला, या वयात त्या घसरणीवर कोण गेलं होतं म्हणाला. मी म्हटलं, मुऱ्हाळी गेला होता. पावसाळा निघेल, असं तो म्हणतो. मी म्हणतो दिवाळी निघेल. पुढच्या वैशाखाचं त्यानंही काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. मला मरणाची भीती नाही, हे तुला दाखवायला लिहीत नाही, खरंच नाही. आमच्या पलटणीतले बहुतेक विशीत गेले, मला वर चाळीस वर्षं मिळाली आणि सारजा मिळाली. तक्रार करायला तोंड नाही.

पण माझ्यामागं काय होईल ते मला स्वच्छ दिसतं. मी गेलो की बायका जमतील, धोंडाबाई पुढं. सारजेच्या बांगड्या फोडतील, कुंकू पुसतील. ती विचारेल, का? कुणीतरी सांगेल. ती मागच्या दारी जाऊन डोक्यावर गार पाणी ओतेल. सकाळी विसरेल. मोकळे हात बघून परत विचारेल, परत कुणीतरी सांगेल. दर दोन-चार दिवसांनी मी तिच्यासाठी नव्यानं मरत राहीन. एकदा मरायला माझी तयारी आहे, कोंडाजी. रोज मरायला नाही, तेही तिच्या डोळ्यांपुढं.

मी नसेन, तेव्हा माझं कोण ऐकणार? रत्ना लेक आहे, सासरची, बायका तिला बाजूला सारतील. अशा दिवशी शब्द चालतो तो माहेरच्या माणसाचा. भाऊ दारात हात आडवा धरून उभा राहिला तर कुठलीही बाई पुढं येणार नाही. म्हणून तू हवास. तिच्या हातातल्या बांगडीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. कपाळाला लावू द्यायचा नाही. ती न्हाणीकडे निघाली तर अडवायचं. तिला माझं काही सांगायचं नाही. गावानं नावं ठेवली तर ठेवू दे, तुला गाव सोडायची सवय आहे.

आणि तिनं विचारलं, धनी कुठं आहेत, तर सांगायचं, पलटणीत आहेत. रजा मंजूर झाली की येतील. पहिल्या लढाईत मी बसऱ्याकडं होतो तेव्हा ती याच पायरीवर चार वर्षं थांबली होती. तिला जमतं ते. आरसा आणतील म्हण, खूश होईल. हे खोटं आहे हे मला कळतं. हुकूम माझा आहे, पाप माझ्या माथी.

फेटा खुंटीला आहे, काठी दाराआड. वैशाखात पाणी उतरलं आणि तिनं परत गाठोडं बांधलं तर भैरूला वाट माहीत आहे. रत्नाला दशमी करायला सांग, माझी तुझ्या आईच्या नावावर गेली.

मामाची जागा हुकली म्हणून तू एवढी वर्षं रुसलास. ही जागा मी गेणबाला देणार नाही, तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. तार मिळाली की निघायचं. लोणीला गाडी बंद पडली तर उतरून चालत ये, पण वेळेवर ये. मुहूर्त कुणासाठी थांबत नसतो, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

तुझा दाजी,
हैबतराव